ग्रहांची वाट शोधणारे केप्लर

आज आपण एका थोर शास्त्रज्ञाची माहिती घेऊ या. त्यांचे नाव योहान्नेस केप्लर. पृथ्वीभोवती उपग्रह कोणत्या वाटेने फिरतात, जोरात कुठे जातात आणि हळू कुठे जातात, हे नियम मुळात त्यांनी शोधले. नवल म्हणजे त्यांच्या काळी माणसाने बनवलेला एकही उपग्रह नव्हता. विमानसुद्धा नव्हते.

केप्लर यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतील वाइल डर श्टाट या छोट्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील पगार घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढणारे शिपाई होते. ते सारखे घर सोडून जायचे. पुढे एकदा गेले ते परत आलेच नाहीत. आईचे नाव कॅथरिना. ती लोकांना झाडपाल्याची औषधे देत असे. केप्लर लहान असताना त्यांना देवी आल्या. त्यात ते वाचले, पण त्यांची नजर कायमची अधू झाली.

१५७७ साली आभाळात मोठे शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसला. आईने लहान योहान्नेसला उंच जागी नेऊन तो दाखवला. ज्या मुलाला नीट दिसत नव्हते, त्याला आभाळाची गोडी लागली ती अशी.

ते हुशार होते म्हणून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. ट्युबिंगन येथे ते शिकले. १५९४ साली ते ग्राट्झ या गावी शाळेत गणिताचे मास्तर झाले. पण तिथे धर्मावरून भांडणे सुरू झाली आणि १६०० साली त्यांना बायकामुलांसह गाव सोडावे लागले.

मग ते प्राग शहरात टायको ब्राहे यांच्याकडे कामाला राहिले. टायको हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. तेव्हा दुर्बीण निघाली नव्हती. टायको नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि भल्यामोठ्या यंत्रांनी ग्रहताऱ्यांचे कोन मोजायचे. अशी त्यांनी वीस वर्षांहून जास्त मोजणी करून वह्यांत लिहून ठेवली होती. त्यांनी केप्लर यांना मंगळाचे काम दिले. १६०१ साली टायको वारले. वह्या केप्लर यांच्याकडे आल्या.

त्या काळी सगळे लोक समजत की ग्रहाची वाट बांगडीसारखी अगदी गोल असते. केप्लर यांनीही गोल वाट धरूनच गणित सुरू केले. पानेच्या पाने आकडेमोड केली. शेवटी उत्तर जवळजवळ बरोबर आले. फक्त टायकोंच्या वहीत आणि गणितात आठ कलांचा फरक पडत होता. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचा चंद्र जेवढा रुंद दिसतो, त्याचा साधारण चौथा भाग म्हणजे आठ कला. इतका लहान फरक!

दुसरा कोणी असता तर म्हातारे टायको मोजताना चुकले असतील असे म्हणून त्याने वही मिटली असती. पण केप्लर यांना माहीत होते की टायको एवढे चुकत नाहीत. मग चूक कुठे? चूक गोल वाटेतच असणार. म्हणून त्यांनी आपली सगळी मेहनत बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून गणित केले. १६०५ साली त्यांना खरी वाट सापडली. ती गोल नव्हती, थोडी लांबट होती. तिला लंबवर्तुळ म्हणतात. १६०९ साली त्यांनी हे पुस्तकात छापले.

लंबवर्तुळ काढायला सोपे आहे, करून बघा. फळीवर थोड्या अंतराने दोन खिळे ठोका. दोन्ही खिळ्यांभोवती सैल बसेल असा दोऱ्याचा फास टाका. खडूने दोरा ताणून धरा आणि खडू फिरवा. जी आकृती होते ते लंबवर्तुळ. सूर्य मधोमध नसतो, एका खिळ्याच्या जागी असतो. दुसऱ्या खिळ्याच्या जागी काहीच नसते.

त्यांचा दुसरा नियम असा की ग्रह सूर्याच्या जवळ आला की जोरात पळतो आणि लांब गेला की हळू होतो. आपला झोका नाही का, खाली येताना जोरात येतो आणि वर टोकाला हळू होतो, तसेच. तिसरा नियम त्यांना १६१८ साली सापडला. सूर्यापासून चौपट लांब असलेल्या ग्रहाला एक फेरी मारायला आठपट वेळ लागतो. गुरूच्या चार चंद्रांनाही हा नियम लागू पडतो, हे त्यांनी दाखवले. या चंद्रांना त्यांनी १६११ साली लॅटिन भाषेतला सोबत चालणारा सेवक या अर्थाचा शब्द वापरला. त्यावरूनच आजचा सॅटेलाइट हा शब्द आला आहे.

पण एवढे शोध लावत असताना त्यांच्या घरी फार दुःख होते. १६११ साली त्यांचा एक मुलगा देवी येऊन वारला आणि त्याच वर्षी बायकोही गेली. १६१५ साली गावातल्या लोकांनी त्यांच्या म्हाताऱ्या आईवर ती चेटकीण आहे असा आळ घेतला. कोणी आजारी पडले, कोणाचे पाय दुखले, की तिच्यावर नाव. त्या काळी अशा बायकांना जाळून मारत. १६२० साली तिला पकडून साखळदंडाने बांधून ठेवले. तिचे वय सत्तरच्या वर होते. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

केप्लर काम सोडून आईकडे धावले. त्यांनी स्वतः तिची बाजू लिहून काढली. एकेक आरोप घेतला आणि तपासला. मंगळाचे गणित जसे तपासले तसेच. हा आजार कशाने झाला, ती दुखापत कशाने झाली, याची खरी कारणे दाखवली. चौदा महिने आई कैदेत होती. तिला छळाची हत्यारे दाखवून भीती घातली, तरी तिने खोटे कबूल केले नाही. १६२१ साली ती सुटली. पण पुढच्याच वर्षी ती वारली.

केप्लर यांना पगारही वेळेवर मिळत नसे. १६३० साली ते थकलेले पैसे मागायला घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेले. तिथे ताप येऊन १५ नोव्हेंबरला ते वारले. पुढे लढाईत त्यांचे थडगेही नाहीसे झाले.

ग्रह असे का फिरतात हे न्यूटन यांनी १६८७ साली सांगितले. दगड आडवा फेकला की तो वाकत वाकत खाली पडतो. जास्त जोराने फेकला तर जास्त लांब पडतो. रॉकेट उपग्रहाला वर नेते आणि आडवे इतक्या जोराने फेकते की तो पडतच राहतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे खालची जमीनही तेवढीच वाकत जाते. म्हणून तो जमिनीला टेकत नाही, फिरत राहतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला उपग्रह स्पुटनिक सोडला. तो कधी जमिनीपासून दोनशे किलोमीटरच्या थोडा वर असे, तर कधी नऊशेच्याही वर जाई. म्हणजे वाट लांबटच! जवळ आला की जोरात, लांब गेला की हळू. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी रशियातून सोडला. तो सुमारे ६०० किलोमीटर उंचीवर होता आणि ९६ मिनिटांत एक फेरी मारायचा.

आता तिसरा नियम आठवा. जितके लांब तितका वेळ जास्त. जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो. विषुववृत्ताच्या बरोबर वर फिरत असला तर तो आपल्याला एकाच जागी उभा दिसतो. म्हणून तर घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या एकदा एका बाजूला तोंड करून बसवल्या की रोज फिरवाव्या लागत नाहीत. आपण टीव्हीवर ढगांची चित्रे बघतो, तीही अशाच उंचीवरच्या उपग्रहांनी काढलेली असतात.

मित्रांनो, आठ कला म्हणजे किती लहान फरक. पण केप्लर यांनी तो लपवला नाही, म्हणून खरी वाट सापडली. आपणही गणिताचे उत्तर जवळपास आले म्हणून पाटी पुसू नये. फरक का पडला ते शोधावे. आणि कोणी एखाद्या म्हातारीवर आळ घेतला तर आधी खरे काय ते तपासावे.

इयत्ता चौथी