निराकाराचा चित्रकार : वासुदेव गायतोंडे

ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, त्यात पाहायचे ते काय? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. वासुदेव गायतोंडे यांनी आपले सारे आयुष्य अशाच चित्रांना वाहिले.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे वास्तव्य गिरगावातील चाळीत. वडिलांचा विरोध पत्करून त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले व १९४८ साली पदविका मिळविली. या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न घरातून कॉलेजात पहिल्यांदाच आलेल्या माझ्यासारखीच्या चांगल्याच परिचयाचा आहे. म्हणून त्यांचे हे पाऊल मला मोठे वाटते.

१९५० साली ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत माणसे होती. भारतीय लघुचित्रांची आणि पॉल क्ले या चित्रकाराची छाया होती. हळूहळू आकार गळत गेले. मात्र आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते मानीत. झेन विचार, रमण महर्षी व निसर्गदत्त महाराज यांची शिकवण यांची त्यांना ओढ होती.

आळंदी-देहूच्या परिसरात वाढलेल्यांना निर्गुण हा शब्द नवा नाही. पण निर्गुण डोळ्यांना दिसावे कसे? गायतोंडे रोलरने रंगांचे पातळ थर एकावर एक चढवीत, पॅलेट नाइफने ते खरवडीत, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घेत. आषाढात सिंहगड ढगात बुडाला की कडा कोठे संपतो आणि आभाळ कोठे सुरू होते ते कळत नाही. तसा खोल, धूसर प्रकाश त्यातून उमटे. निराकार म्हणजे सोपे, असे समजणे चूक आहे. विचार पक्का होईपर्यंत ते ब्रश उचलीत नसत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी होत.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते दिल्लीत स्थायिक झाले आणि एकांतात राहिले. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. हे पाहायला ते नव्हते. उपयोगाच्या प्रश्नाला पैशाचे हे उत्तर त्यांच्या हयातीत आलेच नाही, तरी त्यांचे काम थांबले नव्हते. मित्रहो, त्यांचे चित्र समोर आले तर त्यात काय आहे हे लगेच विचारू नका. थोडा वेळ नुसते उभे राहा.