ताळा करायला शिकवणारे डॉक्टर

वजाबाकीचे गणित सुटले की मूल वही मिटते. उत्तर बरोबर की चूक हे बाई किंवा सर सांगतील, असे त्याने गृहीत धरलेले असते. ताळा करून पाहा म्हटले तर कपाळाला आठ्या पडतात. पावणेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका डॉक्टरांनी अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि उत्तर स्वतःच तपासण्याची ही सवय त्यात पानोपानी पेरली. त्यांचे नाव रॉबर्ट रेकॉर्ड. शाळेत रोज लिहिले जाणारे ‘=’ हे चिन्ह त्यांचेच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वेल्सच्या किनाऱ्यावरील टेन्बी या बंदराच्या गावात १५१०च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला शिक्षण झाले आणि १५३१ मध्ये तेथील ऑल सोल्स कॉलेजचे ते फेलो झाले. १५४५ मध्ये केंब्रिजने त्यांना वैद्यकातील पदवी दिली, पुढे लंडनमध्ये त्यांचा व्यवसाय सुरू झाला. १५४७ मध्ये त्यांनी लघवीच्या तपासणीवर एक पुस्तक लिहिले. त्या काळी डॉक्टर काचेच्या भांड्यातील लघवी उजेडात धरून तिचा रंग, दाटपणा, तळाशी बसलेला गाळ पाहत आणि रोगाचा अंदाज बांधत. त्यातले बरेचसे आज टिकणारे नाही. पण ते पुस्तक लॅटिनमध्ये नव्हे तर साध्या इंग्रजीत होते आणि शंभराहून अधिक वर्षे छापले जात राहिले. वैद्यकाचे ज्ञान लॅटिनच्या कुलपात ठेवण्याचा तो जमाना होता, हे ध्यानात घ्यायला हवे.

अंकगणिताचे पुस्तक त्याच्या चार वर्षे आधीचे, १५४३चे. ‘द ग्राउंड ऑफ आर्ट्स’ हे त्याचे नाव. तेव्हा इंग्लंडमधले बहुतेक हिशेब रोमन आकड्यांत लिहिले जात आणि प्रत्यक्ष आकडेमोड रेघा आखलेल्या फळ्यावर सोंगट्या सरकवून केली जाई. भारतातून अरबांमार्फत युरोपात पोचलेले दशमान अंक विद्वानांना माहीत होते, पण बाजारातल्या माणसाच्या हाती अजून पुरते बसले नव्हते. रेकॉर्ड यांनी लेखणीची पद्धतही शिकवली आणि सोंगट्यांचीही. ज्याला शिकवायला कोणी नाही त्यालाही पुस्तक वाचून शिकता यावे, हा त्यांचा हेतू होता.

सगळे पुस्तक गुरू आणि शिष्य यांच्या संभाषणात आहे. शिष्य हुशार आहे, पण उतावळा. मध्येच चुकतो आणि गुरू त्याची चूक त्याच्याच तोंडून काढून घेतात. आरंभीच तो म्हणतो की तुमचा अधिकार एवढा मोठा आहे की कारण कळले नाही तरी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. गुरूंना हे पसंत पडत नाही. कारण दाखवल्याशिवाय शिष्याने विश्वास ठेवावा, अशी त्यांची अपेक्षाच नाही. गुरूचा शब्द प्रमाण मानला जाण्याच्या काळात ही भूमिका सोपी नव्हती. आपल्याकडच्या अनेक वर्गांत ती आजही सोपी नाही.

वजाबाकीत ही वृत्ती विशेष कामाला येते, कारण बेरजेपेक्षा वजाबाकीत मुले जास्त चुकतात. ८५२ मधून ३६७ वजा करायचे असतील तर २ मधून ७ जात नाहीत. मग मूल सरळ ७ मधूनच २ काढते, ६ मधून ५ काढते आणि ५१५ लिहून मोकळे होते. हातचा घेण्याची भानगडच नको. यावर रागावून उपयोग नसतो. ५१५ मध्ये ३६७ मिळवायला सांगावे. ८८२ येतात, ८५२ नाहीत. चूक मुलाला स्वतःलाच दिसते. बरोबर उत्तर ४८५, आणि ४८५ अधिक ३६७ म्हणजे ८५२.

रेकॉर्ड यांच्या पुस्तकात दुसरा ताळाही आहे, तो नवाचा. आपल्याकडे दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दुसऱ्या आर्यभटांच्या ‘महासिद्धान्ता’तही तो सापडतो. संख्येतील अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत यायचे. ८५२ चे होतात ६, ३६७ चे ७, ४८५ चे ८. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पुन्हा ६. ताळा जमला. ही युक्ती झटपट आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. ४८५ ऐवजी घाईत ४५८ लिहिले तरी नवाचा ताळा जमतोच, कारण अंक तेच असतात. एखादे शून्य जास्त पडले तरी या ताळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. औषधाच्या मात्रेत शून्य किंवा दशांशचिन्ह चुकले तर बाळाला दहापट डोस जाऊ शकतो. मुलांच्या वॉर्डात या चुकीची सर्वांत जास्त धास्ती असते. उलटी बेरीज करणारा ताळा थोडा वेळखाऊ आहे, पण तो या दोन्ही चुका पकडतो.

त्या काळचे हिशेब आणखी अवघड होते. बारा पेन्यांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. आपल्याकडच्या जुन्या पिढीला रुपये-आणे-पै आठवतील, तोच प्रकार. समजा, व्यापाऱ्याजवळ २० पौंड आहेत. कापडाला ६ पौंड १३ शिलिंग ८ पेन्स गेले, गाडीभाड्याला आणि मजुरीला ४ पौंड ९ शिलिंग १० पेन्स. किती उरले? पहिल्या वजाबाकीनंतर १३ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स, दुसरीनंतर ८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. हेच दुसऱ्या वाटेनेही करता येते. दोन्ही खर्च आधी मिळवले तर ११ पौंड ३ शिलिंग ६ पेन्स होतात, ते विसातून एकदाच वजा करायचे. दोन वाटांनी एकाच उत्तरावर पोचणे हाही उत्तम ताळाच.

शाब्दिक उदाहरणात मुले अडतात ती आकडेमोडीमुळे कमी आणि प्रश्न नीट न वाचल्यामुळे जास्त. किती उरले असे विचारले आहे की किती खर्च झाले, हे न पाहताच दिसेल तो आकडा दिसेल त्या आकड्यातून वजा केला जातो. म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. सुरुवातीला काय होते, मध्ये काय काय गेले आणि शेवटी काय विचारले आहे, एवढे मुलाला सांगता आले की अर्धे गणित तिथेच सुटते.

आता बरोबरच्या चिन्हाकडे वळू. १५५७ मध्ये ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ हे रेकॉर्ड यांचे बीजगणिताचे पुस्तक निघाले. अधिक आणि उणे ही चिन्हे त्यात इंग्रजी वाचकांसमोर आली. ‘इतक्याबरोबर’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आल्याने रेकॉर्ड यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा योजल्या. त्यांच्या मते, याहून जास्त सारख्या दुसऱ्या कोणत्याच दोन गोष्टी असू शकत नाहीत. छापील पुस्तकांत हे चिन्ह रुळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

मुलांना या चिन्हाचा अर्थ नेमका उलटा कळलेला असतो. ‘आता उत्तर लिही’ अशी ती खूण आहे, असे त्यांना वाटते. सलाइनची बाटली ५०० मिलीलीटरची, आधी १२० दिले, मग ७५, तर उरले किती, असे विचारले की वहीत दिसते: ५०० − १२० = ३८० − ७५ = ३०५. उत्तर बरोबर आहे, पण लिहिले आहे ते खोटे, कारण ५०० वजा १२० म्हणजे ३०५ नव्हे. दोन्ही बाजू सारख्या असल्याखेरीज ती दोन रेघांची खूण काढायची नाही, हे तिसरी-चौथीतच बिंबवावे आणि प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायला लावावी. पुढे समीकरणे आली की या सवयीचा फायदा कळतो.

भूमितीवरच्या पुस्तकात रेकॉर्ड यांनी इंग्रजीला नवे शब्दही देऊ पाहिले. लघुकोनाला टोकदार कोपरा, विशालकोनाला बोथट कोपरा. हे शब्द टिकले नाहीत. खगोलशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १५५६चे. त्यात त्यांनी कोपर्निकसच्या मताची दखल घेतली आणि टॉलेमीसारख्या थोरांचा मान राखूनही त्यांचे म्हणणे कारणाशिवाय मानू नये असे बजावले.

पुस्तकांइतके त्यांचे आयुष्य मात्र सुरळीत गेले नाही. ब्रिस्टॉलच्या टाकसाळीत विल्यम शॅरिंग्टन या अधिकाऱ्याने खोटे हिशेब ठेवल्याचे उघडकीस आले आणि १५४९ मध्ये तेथे हिशेबांवर देखरेख करायला रेकॉर्ड यांना नेमले गेले. त्याच वर्षी बंडाळी मोडण्यासाठी निघालेल्या सैन्याकडे टाकसाळीतला पैसा वळवायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे सर विल्यम हर्बर्ट हे बडे सरदार दुखावले. रेकॉर्ड यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला आणि साठ दिवस त्यांना दरबाराच्या नजरकैदेत राहावे लागले. १५५१ मध्ये आयर्लंडमधील खाणी आणि नाणी यांचे काम त्यांच्याकडे आले. वेक्सफर्डच्या चांदीच्या खाणीत खर्चच जास्त होत होता, १५५३ मध्ये ती बंद पडली.

हर्बर्ट एव्हाना अर्ल ऑफ पेम्ब्रोक झाले होते. १५५६ मध्ये रेकॉर्ड यांनी त्यांच्यावर गैरव्यवहाराचा आरोप केला. अर्लनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १५५७ मध्ये रेकॉर्ड यांना १००० पौंड भरपाई देण्याचा हुकूम झाला. बरोबरचे चिन्ह छापून आले तेही याच वर्षी. एवढी रक्कम त्यांच्याजवळ कुठून असणार? त्यांची रवानगी लंडनजवळ सदर्क येथील किंग्ज बेंच तुरुंगात झाली आणि १५५८ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

‘द ग्राउंड ऑफ आर्ट्स’ मात्र सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत नव्या नव्या आवृत्त्यांत निघत राहिले. आयर्लंडमधील कामाबद्दल रेकॉर्ड यांचे सरकारकडे येणे होते. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५७० मध्ये, त्यापोटी त्यांच्या वारसांना जमीन देऊन तो हिशेब मिटवण्यात आला.