डॉ. डू बॉइस आणि त्यांची तीन भाषणे

आपल्याकडे पदवीदान समारंभात भाषण करतात ते प्रमुख पाहुणे. विद्यार्थी झगा घालून व्यासपीठावर येतो, पदवीची सुरळी घेतो आणि खाली उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मात्र रीत निराळी होती. शाळा किंवा कॉलेज पुरे करून बाहेर पडणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांनी स्वतः भाषण लिहावे, पाठ करावे आणि आईबाप, गुरुजन व गावकरी यांच्यासमोर ते म्हणावे, असा तेथला शिरस्ता होता. अशा समारंभांतून सहा वर्षांत तीनदा बोलावयास उभा राहिलेला एक गरीब कृष्णवर्णीय मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला. त्या डॉ. डू बॉइस यांच्या दीर्घ चरित्रातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

विल्यम डू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. मूल लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मेरी सिल्विना लोकांच्या घरी कामे करी. पुढे पक्षाघाताच्या झटक्याने ती अधू झाली. तरी तिने मुलाची शाळा सुटू दिली नाही. मुलगाही कोळसा भरणे, वर्तमानपत्रे टाकणे अशी कामे करून घराला हातभार लावी. हेडमास्तर हॉस्मर यांनी त्याला कॉलेजप्रवेशासाठी लागणारे ग्रीक व लॅटिन विषय घ्यावयास लावले. ग्रीकच्या पुस्तकांचा खर्च गावातल्या एका गिरणीमालकाच्या पत्नीने उचलला. एखाद्या मुलाच्या आयुष्याला वळण लागते ते अशा लहान लहान मदतींनी.

१८८४ साली तो हायस्कूलमधून उत्तीर्ण झाला. निरोपाच्या समारंभासाठी त्याने विषय घेतला वेंडेल फिलिप्स यांचा. बोस्टनच्या श्रीमंत घराण्यात जन्मलेल्या या वकिलाने गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचले होते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. भाषण उत्तम झाले, टाळ्या पडल्या. श्रोत्यांत आई बसली होती. शरीर थकलेले, पाय लंगडा, पण चेहऱ्यावर हसू! पुढे वर्षही उलटले नाही तोच ती वारली. मुलाच्या कीर्तीचा सारा डोंगर नंतर उभा राहिला. तिच्या वाट्याला आले ते एवढे एकच भाषण.

चर्चच्या मंडळींनी वर्गणी करून या पोरक्या मुलाला दक्षिणेतील नॅशव्हिल येथे, कृष्णवर्णीयांच्या फिस्क कॉलेजात पाठविले. सुट्टीत तो टेनेसीच्या खेड्यांतून मुलांना शिकवी. दक्षिणेतला वर्णभेद आणि दारिद्र्य त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. १८८८ साली फिस्कच्या पदवीसमारंभात त्याने गौरव केला तो जर्मनीच्या बिस्मार्कचा! आपसांत भांडणाऱ्या संस्थानांचे एक राष्ट्र करणारा हा पोलादी पुरुष त्याला आदर्श वाटला. आपल्या विखुरलेल्या समाजालाही असाच नेता हवा, ही तळमळ त्यामागे होती. परंतु याच बिस्मार्कच्या यजमानपदाखाली १८८४-८५ साली बर्लिनमध्ये परिषद भरून युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरविले होते. बलवानाच्या पराक्रमाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या भाषणात नव्हता. तेव्हा आपल्याला युरोपच्या राजकारणाची समज नव्हती, हे त्यांनी उतारवयात मोकळेपणाने लिहून ठेवले.

तिसरे भाषण १८९० सालचे, हार्वर्ड विद्यापीठातले. समोर देशातले मान्यवर, आणि विषय जेफर्सन डेव्हिस! गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचे हे अध्यक्ष. त्यांना जाऊन सहा-सात महिनेच झाले होते. ज्याच्या जातभाईंना साखळदंडांत ठेवण्यासाठी हा मनुष्य लढला, तो तरुण आता त्याच्याविषयी बोलणार होता. तरुणाने शिव्याशाप दिले नाहीत. डेव्हिस यांचे शौर्य त्याने मान्य केले आणि मग सांगितले की, दुसऱ्याला तुडवून वर चढणाऱ्या बलवानाचा हा नमुना आहे. केवळ अशा बळावर उभी राहिलेली संस्कृती अपुरी असते. तिला नम्रतेची आणि सेवेची जोड हवी. वर्तमानपत्रांनी त्या भाषणाची आवर्जून दखल घेतली. दोन वर्षांपूर्वी बलवानापुढे हात जोडणारा विद्यार्थी आता बलवानाला जाब विचारीत होता. माझ्या मते त्याचे खरे शिक्षण झाले ते या दोन वर्षांत.

पुढचे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते. बर्लिनमधील अभ्यास, १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट (ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय), १९०३ सालचे गाजलेले पुस्तक, १९०९ साली समान हक्कांसाठी निघालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थापनेत सहभाग आणि तिच्या 'क्रायसिस' मासिकाचे १९३४ पर्यंत संपादन. १९४६ साली आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचे आणि त्यांचे दुःख एकाच जातीचे आहे, ही जाणीव त्या पत्रामागे होती. डू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी आफ्रिकेतील घाना देशात, पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये समान हक्कांसाठी लाखोंचा मेळावा भरला आणि तेथे त्यांच्या निधनाची वार्ता सांगण्यात आली.

मंडळाच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. पुष्कळदा भाषण आई किंवा काका लिहून देतात आणि मूल ते घडाघडा म्हणून दाखविते. बक्षीसही मिळते. परंतु भगिनींनो, विषय मुलांनाच निवडू द्या. वाक्य अडखळले तरी चालेल, आज निवडलेला नायक उद्या आवडेनासा झाला तरी बिघडत नाही. आपले काम मेरी सिल्विनाने केले तेच: त्याला शाळेत ठेवायचे, आणि तो बोलावयास उभा राहील त्या दिवशी समोर जाऊन बसायचे.