नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड

नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड (जन्म: १३ ऑगस्ट १७९१, मृत्यू: ४ जून १८६८) हे लंडनमधील वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. बंद काचपेटीत आर्द्रता टिकवून वनस्पती वाढवण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. अशा पेटीला 'वॉर्डची पेटी' म्हणतात. घरांत वनस्पती, बेडूक, सरडे किंवा साप ठेवण्यासाठी आज वापरली जाणारी मातीयुक्त काचपात्रे याच कल्पनेतून पुढे आली.

वॉर्ड यांचे वडीलही वैद्य होते. वयाच्या तेराव्या वर्षी वॉर्ड यांना जमैकाच्या समुद्रप्रवासावर पाठवण्यात आले. वनस्पतींची त्यांची ओढ तेथील दाट झाडीने पक्की झाली, असे मानले जाते. पुढे त्यांनी पूर्व लंडनमधील वेलक्लोज चौकात वडिलांचाच व्यवसाय चालवला. घराच्या आवारात खडक रचून त्यांनी नेचे लावले. पण भोवतालच्या कारखान्यांतील कोळशाच्या धुराने ते एकामागून एक मेले.

==शोध==
१८२९ च्या उन्हाळ्यात पतंग बाहेर पडताना पाहावा म्हणून वॉर्ड यांनी त्याचा कोष रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीत पुरला व वर झाकण बसवले. दिवसा ऊब वाढली की मातीतील ओल वर येऊन काचेवर जमे आणि थेंबांच्या रूपाने पुन्हा मातीत उतरे. पतंग बाहेर येण्याच्या सुमारास मातीतून एक नेचा आणि एक गवताचे रोप उगवले. आवारात हजार प्रयत्नांनी न जगलेला नेचा येथे आपोआप उगवला होता. पतंगाचे कुतूहल तेथेच मागे पडले. ही रोपे पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगली; झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरले, तेव्हा ती कुजून मेली.

बाटली पूर्ण हवाबंद नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वॉर्ड यांच्या पद्धतीचे मर्म हवा कोंडण्यात नव्हते. धूर व काजळी अडवणे आणि ओल बाहेर जाऊ न देणे, एवढेच त्यांना साधायचे होते.

==समुद्रप्रवास==
त्या काळी जहाजावरून नेलेली बहुतेक रोपे खारे वारे आणि पाण्याची टंचाई यांमुळे मरत. चीनहून निघालेल्या हजारांतून एखादेच रोप इंग्लंडला पोचते, असा १८१९ मधील एक अंदाज होता. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी लॉडिजेस रोपवाटिकेच्या साहाय्याने नेचे व गवते भरलेल्या दोन पेट्या सिडनीला पाठवल्या. सुमारे सहा महिन्यांनी त्या सुस्थितीत पोचल्या. परतीच्या प्रवासात त्यांत ऑस्ट्रेलियातील रोपे भरली गेली. केप हॉर्नजवळची गोठवणारी थंडी आणि विषुववृत्तावरील उष्णता सोसून तीही जिवंत राहिली.

वॉर्ड यांनी १८४२ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. प्राण्यांनाही अशा नियंत्रित हवेचा लाभ देता येईल, हा विचार त्यात आहे. स्कॉटलंडच्या ॲलन मॅकोनोकी यांनी अशीच पेटी त्यापूर्वी बनवली होती. पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही.

==भारताशी संबंध==
रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. सिंकोनाची कथा मात्र सरळ नाही. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्खम यांनी पेरूतील रोपे इंग्लंड, तांबडा समुद्र व मुंबई या मार्गाने निलगिरीत नेली. वाटेतील उष्णतेने त्यांची दुर्दशा झाली आणि ती जगली नाहीत. पुढील वर्षी इक्वेडोरहून आलेली रोपे रुजली. ओल राखणारी काच उष्णताही कोंडते. विदर्भातील वैशाखात उन्हात ठेवलेले काचपात्र काही वेळात भट्टी बनते, त्याचे कारण हेच. १८७६ मध्ये रबराची सुमारे १,९०० रोपे ३८ पेट्यांतून श्रीलंकेत पोचली.

==काचपात्रातील सरपटणारे प्राणी==
जिवंत माती, पालापाचोळा, वनस्पती आणि विष्ठा कुजवणारे सूक्ष्म कीटक असलेल्या आजच्या काचपात्रात वॉर्ड यांचेच जलचक्र चालते. मात्र प्राण्यासाठी ते जसेच्या तसे चालत नाही. फार कोरड्या हवेत सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. सतत ओलसर, कोंदट हवेत त्वचेवर फोड व श्वसनाचे विकार होतात. म्हणून मातीचा खालचा थर ओलसर व पृष्ठभाग तुलनेने कोरडा ठेवतात, तळाशी निचऱ्यासाठी खडे घालतात, जाळीतून हवा खेळती ठेवतात आणि आर्द्रतामापक प्राणी जेथे वावरतो त्या उंचीवर लावतात. काचेवरील थेंबांवरून आर्द्रता ठरवणे फसवे असते. काच थंड असली तरी थेंब जमतात. भारतात देशी साप, घोरपड इत्यादी वन्यजीव पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

या पेट्यांनी मातीबरोबर कीड आणि रोगही देशोदेशी नेले. पुढे अनेक देशांनी मातीसह रोपे आणण्यावर निर्बंध घातले.

==उत्तरायुष्य==
वॉर्ड १८५२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनमधील सूक्ष्मदर्शक संस्थेच्या १८३९ मधील स्थापनेत त्यांचा सहभाग होता. चेल्सी येथील औषधी वनस्पतींचे उद्यान टिकावे यासाठीही ते झटले. ससेक्समधील सेंट लिओनर्ड्स येथे त्यांचे निधन झाले. दक्षिण आफ्रिकेत पाण्यात वाढणाऱ्या एका शेवाळी वनस्पतीला त्यांच्यावरून 'वॉर्डिया हायग्रोमेट्रिका' हे नाव दिले गेले.