विश्लेषण : लेझर येण्याच्या १३ वर्षे आधी होलोग्राफी कशी सुचली?

टायरच्या आतला थर सुटला आहे का, टर्बाइनचे वळणदार पाते भार आल्यावर कुठे ताणले जाते, हे हात न लावता लेझरने पाहता येते. या तंत्राचे मूळ डेनिस गॅबर यांच्या १९४७ मधील कल्पनेत आहे. तेव्हा लेझरच नव्हता.

कोण होते गॅबर?
जन्म ५ जून १९०० रोजी बुडापेस्टमध्ये. बर्लिनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकून ते सीमेन्समध्ये लागले. ज्यू वंशाचे असल्याने हिटलर सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, त्यांना जर्मनीतून बाहेर पडावे लागले. इंग्लंडमधील रग्बी येथे ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत काम मिळाले. पण महायुद्धात हंगेरी शत्रूच्या गोटात असल्याने गोपनीय संशोधनापासून त्यांना दूर ठेवले गेले.

कल्पना काय होती?
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातील दोषामुळे प्रतिमा धूसर येत. साध्या छायाचित्रात फक्त प्रकाशाची तीव्रता उमटते, लहरीची कला हरवते. वस्तूवरून आलेल्या लहरीत दुसरी संदर्भ लहर मिसळली, तर दोन्ही नोंदवता येतील, हे गॅबर यांनी ओळखले. १९४८ मध्ये ते प्रसिद्धही केले. पण हाताशी होता पाऱ्याचा दिवा. प्रतिमा चिमुकल्या, त्यात दुहेरी. पन्नाशीच्या दशकात विषय जवळपास बासनात गेला.

पुढे काय झाले?
१९६० मध्ये लेझर आला. मिशिगन विद्यापीठात लीथ व उपाटनिक्स यांनी तिरप्या संदर्भ किरणाने दुहेरी प्रतिमेचा प्रश्न सोडवला. तिथेच १९६५ मध्ये पॉवेल व स्टेट्सन यांनी याच तंत्राने कंपने मोजून दाखवली.

वक्र पृष्ठभाग का जमतो?
जुन्या व्यतिकरणमापनाला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागे. इथे वस्तूची तुलना तिच्याशीच होते. भाराआधी एक नोंद, भारानंतर त्याच प्लेटवर दुसरी. खडबडीतपणा आणि वळण दोन्हीकडे सारखेच, म्हणून फक्त फरक पट्ट्यांच्या रूपात दिसतो. लाल हेलियम-निऑन लेझरने समोरून पाहिल्यास एक पट्टा म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन सरकणे. मात्र पट्टे विस्थापन सांगतात, ताण-विकृती नव्हे. ती एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत विस्थापन कसे बदलते यावरून काढावी लागते. वक्र भागावर पृष्ठभागाची दिशाही बदलत असल्याने किमान तीन वेगळ्या दिशांनी मोजमाप लागते. खरी मेहनत तिथेच.

नोबेल कधी?
१९७१ मध्ये, एकट्या गॅबर यांना. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून ते १९६७ मध्येच निवृत्त झाले होते. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.