शाळूसोबत्याच्या आईचा दिवाणखाना

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने शाळेविषयी लिहावं, असं संपादक मंडळाचं फर्मान आहे. आपल्या शाळेबद्दल तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगलं लिहाल, सरांच्या आणि बाईंच्या लकबींसकट. मी दुसऱ्याच शाळेतल्या एका मुलाबद्दल लिहितो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या माणसाच्या सात खंडांच्या कादंबरीत, अर्थात इंग्रजी अनुवादातून, माझा मुक्काम आहे. त्याच्या आयुष्याचा धागा शाळेच्या बाकापासूनच निघतो, असं माझं मत झालं आहे.

मार्सेल प्रूस्त. जन्म १० जुलै १८७१, पॅरिसमधल्या ओतईचा. वडील नामांकित डॉक्टर, कॉलऱ्याची साथ सरहद्दीवरच कशी अडवावी यावर काम केलेले. आई सधन ज्यू घराण्यातली. नवव्या वर्षी मुलाला दम्याचा जबर झटका आला आणि तो दमा जन्मभर सोबतीला राहिला. पॅरिसच्या कोंदोर्से शाळेत त्याचं नाव घातलं होतं, पण तब्येतीमुळे गैरहजेरीच फार. तरी वर्गात दोस्त मिळाले ते एकेक नग होते. दानिएल आलेव्ही, रोबेर द्रेफ्यूस आणि झाक बिझे. हा झाक म्हणजे ‘कार्मेन’ या ऑपेराचा संगीतकार जॉर्ज बिझे याचा मुलगा. ही पोरं हस्तलिखित मासिकं काढत, एकमेकांच्या कविता फाडून खात. मार्सेलची अतिगोड, लांबलचक, आर्जवी बोलण्याची तऱ्हा इतकी प्रसिद्ध होती की मित्रांनी त्याच्या आडनावावरून एक क्रियापदच बनवलं होतं. आपल्या वर्गात असली क्रियापदं कोणाकोणाच्या नावाने होती, ते इथे लिहीत नाही.

झाकच्या घरी जाता येता मार्सेल त्याच्या आईच्या दिवाणखान्यात पोचला. जॉर्ज बिझे १८७५ मध्येच गेला होता. पुढे तिने स्त्रोस नावाच्या वकिलाशी लग्न केलं. मादाम स्त्रोसच्या बैठकीला लेखक, चित्रकार, सरदार घराण्यातली मंडळी येत. तिच्या हजरजबाबीपणाचे किस्से गावभर होत. डॉक्टरांचा हा मुलगा तिथून पुढच्या दारात, तिथून आणखी वरच्या दारात शिरत गेला. वडिलांच्या समाधानासाठी १८९५ मध्ये माझारीन ग्रंथालयात बिनपगारी नोकरी धरली आणि लगेच रजेवर गेला. रजा वाढवत वाढवत पाच वर्षांनी त्यांनी त्याचं नावच काढून टाकलं. मी छत्तीस वर्षं मस्टरवर सही केलेला माणूस, मला या रजेच्या अर्जांचा मनापासून हेवा वाटतो.

या काळात तो लिहीत होता ते आजच्या भाषेत ‘पेज थ्री’. १८९४ मध्ये काउंट मोंतेस्क्यूने व्हर्सायला दिलेल्या मेजवानीचं वर्णन त्याने एका दैनिकात टोपणनावाने छापलं: कोण कोण आलं, कोणी काय घातलं. १९०३ पासून ‘ल फिगारो’त पॅरिसच्या बड्या दिवाणखान्यांवर लेख आले, सह्या कधी दोमिनिक, कधी होरात्सिओ. नावांची रांग, तिला उदबत्त्यांसारखी लावलेली विशेषणं. हे लेख वाचवत नाहीत, हे स्पष्टच सांगतो.

या धंद्याची दुसरी बाजूही त्याने सोसली होती. १८९६ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं. चित्रं मादलेन लमेरची, प्रस्तावना अनातोल फ्रान्सची, किंमत साडेतेरा फ्रँक. साधं पुस्तक तेव्हा साडेतीन फ्रँकला मिळे. झाक बिझे आणि मंडळींनी छायानाट्य करून या किमतीची यथेच्छ टर उडवली. शाळूसोबती दुसरं काय करणार! पण झां लोरें या खऱ्याखुऱ्या विषारी वार्ताहराने पुस्तकाच्या निमित्ताने मार्सेल आणि त्याचा मित्र ल्युसिएन दोदे यांच्याबद्दल छापून खवचट इशारा केला, तेव्हा या दमेकरी माणसाने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. ६ फेब्रुवारी १८९७ ला म्यूदोंच्या रानात पिस्तुलं झडली. कोणाला खरचटलंही नाही. सकाळी उठावं लागू नये, एवढीच प्रूस्तला काळजी होती, असं सांगतात.

मग कॅप्टन द्रेफ्यूसचं प्रकरण पेटलं (आपल्या वर्गमित्राशी याचा संबंध नाही, आडनाव तेवढं एक). एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवलं होतं. १८९८ मध्ये त्याच्या बाजूने सह्या गोळा करत प्रूस्त हिंडला. ज्या घरांत तो पाहुणा होता, त्यांतली कित्येक विरुद्ध बाजूला होती. तरी पाच वर्षांनी तो त्याच वर्गाची ‘फिगारो’त स्तुती लिहीत होता. हे कोडं मला बरेच दिवस छळत होतं. आता वाटतं, त्या दिवाणखान्यांत त्याचे डोळे उघडेच होते, लेखणी तेवढी बांधलेली होती.

१९०३ मध्ये वडील गेले, १९०५ मध्ये आई. आईच्या जाण्याने तो कोसळला. पुढे ओस्मान बुलव्हारच्या घरात, भिंतींना बुचाच्या लाकडाचं अस्तर लावून, रात्र रात्र जागून त्याने कादंबरी लिहायला घेतली. प्रकाशकांनी ती नाकारली. नाकारणाऱ्यांत आंद्रे झीदही होता. शेवटी १९१३ मध्ये ग्रासेने पहिला खंड छापला तो लेखकाच्या खर्चाने. चुटके लिहिणाऱ्या शौकिनाकडून गंभीर पुस्तक येईल, हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. त्याने तो खंड अर्पण केला ‘फिगारो’चा संपादक काल्मेत याला, म्हणजे जुन्या ऋणाचा विसर नव्हता.

या कादंबरीतला एक प्रसंग सांगतो. डचेस द गेर्मांत लाल पोशाखात जेवणाला निघाली आहे, गाडी दाराशी उभी आहे. जुना मित्र स्वान सांगतो की पुढच्या वर्षी मी सहलीला येणार नाही, कारण तोवर मी जिवंत नसेन. ड्यूकला उशीर होतोय, मित्राच्या मरणासाठी थांबायला सवड नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोच्या काळ्या बुटांकडे जातं. लाल पोशाखावर काळे बूट! मग मात्र तिला वर जाऊन लाल बूट घालून यायला भरपूर वेळ निघतो. ‘फिगारो’तल्या होरात्सिओने या संध्याकाळचे लाल बूट तेवढे टिपले असते. कादंबरीकाराने त्यांच्या शेजारी मरणारा माणूस उभा केला. हे लाल बूट मादाम स्त्रोसच्या एका प्रसंगावरून आले, असं अभ्यासक मानतात.

दिवाणखान्यांना हे रुचलं नाही. डचेसमध्ये बऱ्याच अंशी उतरलेल्या काउंटेस द शव्हिन्येने तर पुस्तक वाचायचंच नाकारलं. याचं प्रूस्तला फार लागलं. मला इथे त्या बाईचीही बाजू दिसते. तिने तरुणपणी एका पोराला घरात घेतलं होतं, पहाऱ्यावर ठेवलं नव्हतं.

१९१९ मध्ये दुसऱ्या खंडाला गाँकूर पारितोषिक मिळालं, सहा विरुद्ध चार मतांनी. हातात उरली जेमतेम तीन वर्षं. पलंगावर पडल्या पडल्या तो मुद्रितांच्या समासात नवीन मजकूर घालत राहिला. १८ नोव्हेंबर १९२२ ला गेला. त्याच महिन्यात, त्याच्या काही दिवस आधी, झाक बिझेने आत्महत्या केली होती. रोबेर द्रेफ्यूसने १९२६ मध्ये मार्सेलच्या आठवणींचं पुस्तक काढलं. त्याच वर्षाच्या अखेरीला मादाम स्त्रोस गेली. कादंबरीचा शेवटचा खंड निघाला १९२७ मध्ये. तो वाचायला ती नव्हती.