भास्कराचार्य आणि बाजाराचें गणित

गणिताचा तास म्हटला कीं आमच्यापैकीं पुष्कळांचीं तोंडें उतरतात. हे आंकडे शेतांत वा बाजारांत कोठें उपयोगी पडणार, असा प्रश्न मनांत येतोच. त्याचें उत्तर पावणेनऊशें वर्षांपूर्वीं एका थोर गुरूंनीं देऊन ठेविलें आहे. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें विज्जडविड हें आपलें गांव असें ते स्वतःच सांगतात. तें नेमकें कोणतें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. लीलावती ही त्यांची दुर्दैवी कन्या, ही कथा सर्वांनीं ऐकिली असेल; परंतु ती इ. स. १५८७ मधील फैजीच्या फारसी भाषांतराबरोबर पसरलेली दिसते, म्हणून आम्ही तीवर भर देत नाहीं.

‘लीलावती’ची गोडी तिच्या उदाहरणांत आहे. केशराचा भाव, कर्जाचें व्याज, विटांची रास, करवतीनें चिरलेलें लांकूड, वाऱ्यानें मोडलेला बांबू, सर्व त्यांत आहे. राहात्याच्या शेतकऱ्यांच्या मुलांस मात्र धान्याच्या राशीचें गणित विशेष रुचेल. जमिनीवर ओतलेली रास तराजूवांचून मोजावयाची आहे. तिच्या परिघास दोरी लावावी. धान्य हरभऱ्यासारखें जाड असल्यास उंची परिघाचा दहावा भाग, बारीक असल्यास अकरावा, कुसळाचें असल्यास नववा धरावा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणावें. जाड धान्याच्या राशीचा परिघ ६० हात असेल, तर उंची ६ हात आणि घनफळ ६०० घनहात. रास भिंतीस टेकलेली असेल तर तीच पुऱ्या राशीची अर्धी समजावी. परिघ व्यासाच्या तिप्पट धरिल्यानें उत्तर थोडें अधिक येतें हें खरें. ३९२७ भागिले १२५० हें सूक्ष्म प्रमाणही याच ग्रंथांत आहे. पण खळ्यावर दोरी घेऊन उभ्या असलेल्या माणसास सोपी रीतच हवी. ज्यास एवढें येतें, त्यास मापारी सहजासहजीं फसवूं शकणार नाहीं.

यंत्रांचेंही त्यांना मोठें कौतुक. वेळ काढण्यासाठीं त्यांनीं फलकयंत्र वर्णिलें आहे. पाऱ्याच्या योगें आपोआप फिरणारें चाकही सांगितलें आहे; तें अखंड फिरणें शक्य नाहीं, हें आज आम्हांस ठाऊक आहे. परंतु यंत्रांच्या यादीच्या शेवटीं त्यांनीं बुद्धीला बसविलें. हातीं नुसती काठी असली तरी बुद्धिमान मनुष्य दूरच्या बांबूची उंची व अंतर काढील, असा त्यांचा अभिप्राय. खिशांत गणकयंत्र बाळगणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस हें थोडें टोंचतें.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, इ. स. ११८३ मध्यें, त्यांनीं ‘करणकुतूहल’ लिहिलें. पुढें त्यांचे नातू चंगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी झाले. आमच्या राहात्याहून मनमाडमार्गें उत्तरेस गेल्यास चाळीसगांव लागतें; त्याजवळ पाटण येथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चंगदेवांनीं मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखाच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. पाटणच्या बाजारांत विकावयास मांडलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजास जो कर मिळे, तो या मठास दिल्याची नोंद त्यांत आहे.